मिशीआडचा थोरला चॅप्लिन

तोफगोळ्याने पाडलेला एक खड्डा. आत चिखल, वर काळोख. दोन शिपाई छातीपर्यंत त्यात रुतून बसलेत आणि चहूबाजूंनी गोळे फुटताहेत. तरुण शिपायाने बहुधा नुकतीच काहीतरी कुरकुर केलेली असावी, कारण त्याच्या शेजारचा झुपकेदार मिशांचा, पोक्त, पार विटलेला गडी त्याला सुनावतोय : याहून बरा खड्डा ठाऊक असेल तर जा की तिकडे!

हे व्यंगचित्र ‘द बायस्टँडर’ या लंडनच्या साप्ताहिकात नोव्हेंबर १९१५ मध्ये छापून आलं. काढणारा ब्रूस बेर्न्सफादर. त्याचा जन्म १८८७ चा, मरीचा. मरी म्हणजे तेव्हाच्या पंजाबातलं थंड हवेचं ठिकाण, आता पाकिस्तानात आहे. वडील हिंदुस्थानातल्या फौजेत होते. हा स्वतः रॉयल वॉरिकशायर रेजिमेंटमध्ये मशीनगन तुकडीचा अधिकारी झाला. १९१४ च्या नाताळात इंग्रज आणि जर्मन शिपाई आपापल्या चरांतून बाहेर येऊन एकमेकांना भेटले, तेव्हा हा तिथे होता. एका जर्मन अधिकाऱ्याशी त्याने कोटाच्या बटणांची अदलाबदल केली. त्याच्या तुकडीतला एक मशीनगनवाला घरी असताना हौशी न्हावी होता. तो दोन्ही फौजांच्या मधल्या मोकळ्या जागेत एका जर्मनाचे वाढलेले केस कापत बसला होता, असं बेर्न्सफादरने लिहून ठेवलंय. पुढच्या वर्षी बेल्जियममधल्या ईप्रच्या लढाईत जवळच गोळा फुटला, कानाला इजा झाली, मनावरही घाव बसला आणि तो इस्पितळात गेला. खड्ड्याचं चित्र त्यानंतरचं.

त्या मिशाळ शिपायाचं नाव ओल्ड बिल. त्याचं आणखी एक चित्र मला जास्तच आवडतं. भिंतीला गोळ्याने भलंमोठं भगदाड पाडलंय. नव्याने भरती झालेला बडबड्या पोरगा विचारतो, “हे भोक कशानं पडलं?” बिल भिंतीला टेकून बसलेला. म्हणतो, “उंदरांनी.”

एवढंच. पण चरात बसलेल्या माणसाला यातलं सगळं कळत होतं. बिल शूर नाही, भित्राही नाही. देश, राजा, कर्तव्य हे शब्द त्याच्या तोंडी येत नाहीत. त्याला जॅमचा कंटाळा आलाय, पावसाचा कंटाळा आलाय आणि मूर्ख प्रश्नांचा तर सर्वांत जास्त. बड्या अधिकाऱ्यांना सुरुवातीला हा प्रकार रुचला नाही. इंग्रज शिपाई असा गबाळा दाखवायचा म्हणजे काय! पण शिपाई ती पानं कापून चराच्या भिंतींना लावत होते. अखेर सरकारनेच बेर्न्सफादरला अधिकृत चित्रकार नेमून मित्रराष्ट्रांच्या फौजांमध्ये फिरवलं. लंडनमध्ये बिलच्या नावाचे मग आणि बशा विकल्या गेल्या. फ्रान्सच्या आघाडीवर शिपायांची ने-आण करून परतलेल्या एका लंडनच्या बसचं नावच ‘ओल बिल’ पडलं. ती आजही तिथल्या युद्धसंग्रहालयाकडे आहे. १९१७ मध्ये बिलवर संगीत नाटक आलं, १९१८ मध्ये इंग्लंडमध्ये मूकपट निघाला. आणि १९२६ मध्ये हॉलिवूडच्या वॉर्नर ब्रदर्सने त्याच्यावर मोठा चित्रपट काढला : ‘द बेटर ओल’, म्हणजे तोच ‘याहून बरा खड्डा’. बिलच्या भूमिकेत सिडनी चॅप्लिन. पडद्यावर ‘सिड’.

चॅप्लिन हे आडनाव वाचल्यावर पुढचा प्रश्न ठरलेला. हो, त्याचाच भाऊ. थोरला, आईकडून सख्खा. सिडचा जन्म मार्च १८८५ चा, चार्लीचा एप्रिल १८८९ चा. आई एकच, हॅना. तिने चार्ल्स चॅप्लिनशी लग्न केलं तेव्हा सिड तान्हा होता, आणि नवऱ्याचं आडनाव त्यालाही मिळालं. पुढे ते आडनाव जगात सर्वांत प्रसिद्ध होणार आणि तेही धाकट्यामुळे, हे तेव्हा कोणाला ठाऊक!

शाळेत असताना वाचनालयातून आणलेल्या चार्लीच्या आत्मचरित्रात मला सिड पहिल्यांदा भेटला. ते पुस्तक चार्लीचं असलं तरी पहिल्या शंभरेक पानांत मला भुरळ पाडली ती सिडने. रंगमंचावर गाणाऱ्या हॅनाचा आवाज गेला, नवरा वेगळा झाला, घरात दाणा नाही. दोन्ही मुलं आईबरोबर लॅम्बेथच्या अनाथाश्रमवजा वर्कहाउसात गेली, तिथून गरिबांच्या शाळेत. अकराव्या वर्षी सिडला ‘एक्समाउथ’ नावाच्या प्रशिक्षण जहाजावर धाडलं. पोरांना खलाशी करणारं जहाज होतं ते. पुढे तो बसगाड्यांवर पेपर विकत असताना त्याला एक पैशांचं पाकीट सापडलं. आतल्या कप्प्यात सोन्याची सात नाणी. त्या पैशांवर तिघं समुद्रकिनारी जाऊन आली. सिडला एक बरा सूट शिवला होता, तो दर सोमवारी गहाण पडायचा आणि शनिवारी सुटून यायचा, म्हणजे रविवारी पोराला चारचौघांत जाता यावं. असं वर्षभर चाललं. शेवटी सूट इतका झिजला की सावकाराने तो ठेवून घ्यायलाच नकार दिला.

मग सिड बिगूल वाजवणारा म्हणून जहाजावर लागला. तो समुद्रावर असताना हॅनाचं मन पार ढळलं, तिला वेड्यांच्या इस्पितळात नेलं, आणि चौदा वर्षांचा चार्ली भाड्याच्या खोलीत एकटा उरला. घरमालकिणीची नजर चुकवत, दिवसभर रस्त्यांवर भटकत तो एकाच गोष्टीची वाट पाहत होता : सिडचं जहाज कधी लागतंय. सिड आला. खिशात पैसे होते, आणि येताना केळी घेऊन आला होता. त्या पोराला ती केळी केवढी वाटली असतील, हे मी तेव्हाही समजू शकलो होतो.

पुढची गोष्ट साधारण माहितीची आहे. सिड १९०६ मध्ये फ्रेड कार्नोच्या विनोदी कंपनीत शिरला आणि कार्नोच्या मागे लागून त्याने दोन वर्षांनी धाकट्यालाही आत घेतलं. धाकटा त्या कंपनीबरोबर अमेरिकेत गेला, कीस्टोन या चित्रपट कंपनीने त्याला उचललं, आणि बाकी इतिहास आहे. सिडही १९१४ च्या अखेरीस कीस्टोनला आला. १९१५ मध्ये त्याने ‘अ सबमरीन पायरेट’ केला. एक वेटर पाणबुडीचा ताबा घेतो अशी ती धमाल. म्हणजे इकडे बेर्न्सफादर बिलला खड्ड्यात बसवत होता, साधारण त्याच सुमारास तिकडे सिड युद्धाच्या यंत्रांवर विनोद करत होता. तो चित्रपट चांगला चालला.

आणि इथे सिडने काय करावं? अभिनय बाजूला ठेवून तो धाकट्याचा कारभारी झाला. फेब्रुवारी १९१६ मध्ये म्युच्युअल कंपनीशी झालेला करार त्याच्या घासाघिशीचं फळ : आठवड्याला १० हजार डॉलर, शिवाय सहीचे दीड लाख. एकूण ६ लाख ७० हजार. चार्ली तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. पुढच्याच वर्षी फर्स्ट नॅशनलशी दहा लाखांहून मोठा करार. ज्या पोराचा सूट सावकाराने परत केला होता, तो आता स्टुडिओवाल्यांना घाम फोडत होता. आपल्याकडे राज्य थोरल्याचं आणि पाठीशी उभा राहायचा धाकटा. या घरात थोरलाच लक्ष्मण झाला. फक्त हा लक्ष्मण हिशेबाला पक्का होता आणि वनवासात जायची वेळ आली तेव्हा त्याने दोघांचंही भाडं आधी ठरवून घेतलं असतं.

आता माझ्या मुद्द्याकडे येतो. सिडबद्दल जे काही लिहिलं जातं, त्यात एक ‘बिचारा’ दडलेला असतो. भावाच्या सावलीत झाकोळला, त्याला जमलं नाही, वगैरे. ‘द बेटर ओल’ पाहिल्यावर मला हे पटेनासं झालं. चार्लीला जे येत होतं ते सिडला येत नव्हतं, हे खरं. पण सिडला जे येत होतं ते चार्लीने कधी केलंच नाही.

यासाठी दोघांचे दोन युद्धपट शेजारी ठेवून पाहावेत. चार्लीचा ‘शोल्डर आर्म्स’ ऑक्टोबर १९१८ मध्ये आला. युद्ध संपायला तीन आठवडे होते. त्यात सिडही आहे, दोन भूमिकांत : चरातला चार्लीचा सोबती आणि खुद्द कैसर, म्हणजे जर्मनीचा बादशहा. चार्ली पाण्याने भरलेल्या खंदकात झोपतो, कुबट चीज हातगोळ्यासारखं शत्रूवर फेकतो, झाडाचं खोड अंगावर चढवून जर्मनांना चकवतो आणि शेवटी कैसरला पकडून आणतो. हे सगळं अफाट आहे, पण चार्ली तिथे पाहुणा वाटतो. तो चरात असूनही चराचा नाही. त्याचं शरीर हवेतलं. तो केव्हाही वेगळ्या चित्रपटात निघून जाईल असं वाटत राहतं. शेवटी हे सगळं स्वप्न होतं असं निघतं, ते बरोबरच आहे.

सिडचा बिल मात्र कुठे जाणार नाही. त्याला चिखल चिकटलाय. सिडने या भूमिकेसाठी स्वतःचा चेहरा जवळजवळ पुसून टाकलाय. झुपकेदार मिशी, कानांपर्यंत ओढलेली लोकरी टोपी, गळ्याला मफलर, तोंडात पाइप. चेहऱ्याचा जेमतेम मधला भाग उरतो, म्हणजे डोळे आणि गाल. आणि त्या दोन डोळ्यांवर माणूस दीड तास काढतो. शेजारी काही फुटलं तर चार्ली उडी मारेल. हा नुसता डोळे फिरवतो, पाइप सावरतो, आणि आपल्याला हसू फुटतं. मला वाटतं, हे शरीराने जहाजावर शिकलेल्या माणसाचं काम आहे. हुकूम, रांग, बिगूल, डेकवरची झाडलोट : लहानपणी हे सगळं सिडच्या वाट्याला आलं होतं, चार्लीच्या नाही. प्रत्यक्ष युद्धावर दोघांपैकी कोणीही गेलं नाही, आणि त्यावरून चार्लीने इंग्लंडमधून बरीच बोलणी खाल्ली. पण रांगेत उभं राहून कंटाळणं सिडला आतून ठाऊक होतं.

हा चित्रपट मी माझ्या मामांबरोबर पाहिला. मामा फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले, सातारकडचे. त्या भागात पहिल्या महायुद्धाला किती माणसं गेली हे कोरलेले दगड अजून गावोगाव दिसतात. आपली बहुतेक माणसं मेसोपोटेमियाच्या वाळूत गेली, फ्लँडर्सच्या चिखलात कमी. मामांना मूकपट वगैरेचं काही सोयरसुतक नाही. चार्ली त्यांना माहीत होता, सिड नाही, आणि मी आधी काही सांगितलंही नाही. थोडा वेळ बघून ते म्हणाले, “हा माणूस नोकरी केलेला आहे. बघ, रांगेत पुढं नाही, मागं नाही. मधे उभा राहतो.”

मग घोड्याचा प्रसंग आला.

गावात फौजेच्या करमणुकीसाठी खेळ ठेवलाय आणि त्यात बिल आणि त्याचा दोस्त आल्फ मिळून घोडा झालेत. एकच कातडं, चार पाय, आत दोन माणसं. खेळ रंगात असताना जर्मनांचा हल्ला होतो, इंग्रज गाव सोडून मागे हटतात आणि घोडा तिथेच राहतो. आता बाहेर सगळे जर्मन. कातड्यातून बाहेर पडलं तर मरण, आत राहिलं तर घोडा होऊन वागणं भाग. इथून पुढे दिग्दर्शक चक रायस्नर आणि सिडने जे केलंय, त्याला मूकपटांतल्या उत्तम विनोदी प्रसंगांत जागा द्यायला हरकत नाही. चेहरा नाही, हात नाहीत, संवादाची पाटी नाही. नुसती चार पायांची दोन जोडपी, आणि त्यांचं एकमेकांशी पटत नाही. पुढच्यांना एक सुचतं, मागच्यांना दुसरं. बसायचं ठरतं तेव्हा आधी कोणी बसायचं? पळायचं तर कोणत्या पायावर? जर्मन शिपायांच्या गराड्यातून हा घोडा ज्या तऱ्हेने चालतो, त्यात भीती, संकोच आणि नाइलाज एकदम दिसतात. मामा इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला.

त्या मानाने कथानक सामान्य. बिलच्या पलटणीचा मेजरच जर्मनांचा हेर, गावातला खाणावळवाला त्याला सामील. बिलला हे कळतं, मग पाठलाग, वेषांतरं, जर्मन गणवेशात फिरणं, आणि अखेर आपल्याच लोकांच्या हाती सापडून हेर म्हणून गोळीबार पथकासमोर उभं राहणं. अर्थात तो वाचतो. पटकथेत डॅरिल झॅनकचा हात आहे, पुढे हाच हॉलिवूडमधला बडा निर्माता झाला. हेरगिरीचा हा सगळा पसारा वॉर्नरवाल्यांना तिकिटं विकायला लागत असेल, बिलला लागत नव्हता. बेर्न्सफादरच्या चित्रात कधी काही घडत नाही. खड्डा असतो आणि दोन माणसं असतात, विनोद तिथेच आहे. चित्रपटात जेव्हा काही घडत नाही तेव्हा तो सर्वांत चांगला आहे, आणि कथा पुढे सरकायला लागली की आपण घड्याळ बघतो. कॉर्पोरलच्या भूमिकेत एडगर केनेडी आहे म्हणून तो भाग सुसह्य होतो. रागाने हळूहळू उकळत जाणं हा त्याचा हातखंडा.

हा चित्रपट मूक की बोलका, हेही नीट सांगता येत नाही. वॉर्नरने तेव्हा नुकतीच ‘व्हायटाफोन’ यंत्रणा आणली होती. चित्रपट पडद्यावर, आवाज वेगळ्या तबकडीवर. सोळा इंचांची ती तबकडी मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांनी फिरायची, आणि सुई आतून बाहेर यायची. फिल्मच्या एका रिळाला एक तबकडी. मधे फिल्म तुटली की सगळा मेळ गेला. ऑगस्ट १९२६ मध्ये ‘डॉन वान’ या पद्धतीने आला, त्यानंतरचा दुसरा मोठा चित्रपट ‘द बेटर ओल’. संवाद पाट्यांवर, पण वाद्यवृंद आणि तोफांचे आवाज तबकडीवर. चित्रगृहात पियानोवाला नाही, तरी संगीत आहे.

७ ऑक्टोबर १९२६ ला न्यूयॉर्कच्या कॉलनी थिएटरमध्ये तो लागला. सिडच्या आयुष्यातली मोठी रात्र. वर्षभरापूर्वीच ‘चार्लीज आंट’मध्ये लुगडं... म्हणजे झगा नेसून त्याने अमेरिकेला हसवलं होतं, आता वॉर्नरने सगळा जोर लावला होता. पण मुख्य चित्रपटाआधी व्हायटाफोनचे काही लघुपट दाखवायचे होते. त्यातल्या एकात अल जोल्सन होता. दहा मिनिटांच्या त्या फितीत त्याने तीन गाणी म्हटली, आणि मधे प्रेक्षकांकडे बघून बोललाही. पडद्यावरचा माणूस बोलतोय! एका वर्षाने, ऑक्टोबर १९२७ मध्ये, त्याच जोल्सनला घेऊन वॉर्नरने ‘द जॅझ सिंगर’ काढला आणि मूकपटांचा धंदा बसला. म्हणजे सिडच्या चित्रपटाच्या शेपटाला नव्हे, तोंडालाच त्याच्या जगाचा शेवट बांधलेला होता. नशिबाने या माणसाची थट्टा करायची एकही संधी सोडली नाही, असं कधी कधी वाटतं. घरात चार्ली आणि कामावर जोल्सन.

पण थट्टेवर सगळं भागत नाही. सिडची चित्रपटातली कारकीर्द बोलपटांनी संपवली नाही. १९२८ मध्ये इंग्लंडमध्ये त्याने शेवटचा चित्रपट केला. त्यानंतर तिथल्या एका अभिनेत्रीने त्याच्यावर अत्याचाराचा गंभीर आरोप केला, प्रकरण न्यायालयाबाहेर मिटवलं गेलं, सिडने देश सोडला आणि पुढे त्याचं दिवाळं निघालं. तो पुन्हा पडद्यावर आला नाही. मोठ्या माणसाचा भाऊ विस्मरणात गेला की आपण हळहळतो. या विस्मरणात हेही मिसळलेलं आहे, आणि बिलचे डोळे पाहून हसताना मला ते पूर्ण विसरता येत नाही. विसरू नयेही.

बाकी माणूस मोठा उपद्व्यापी होता. १९१९ मध्ये त्याने लॉस एंजेलिसमध्ये स्वतःच्या नावाची विमान कंपनी काढली होती. कॅटलिना बेटावर प्रवासी न्यायची. धंदा टिकला नाही, पण हे त्याला त्या काळात सुचलं. १९३९ - ४० मध्ये चार्ली ‘द ग्रेट डिक्टेटर’ करत होता तेव्हा सिड पुन्हा भावाजवळ होता, आणि स्वतःच्या छोट्या कॅमेऱ्याने सेटवर रंगीत चित्रण करत फिरत होता. चित्रपट कृष्णधवल आहे. त्या सेटचे रंग आज आपल्याला दिसतात ते सिडच्या कृपेने. १९६५ मध्ये तो फ्रान्समध्ये नीसला वारला. तारीख १६ एप्रिल, म्हणजे चार्लीचा शहात्तरावा वाढदिवस.

मामांना हे सगळं मी नंतर सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पण कंपनी बुडाली आणि दिवाळं निघालं यात त्यांना काही विशेष वाटलं नाही. मग मी त्यांना ‘शोल्डर आर्म्स’ लावून दिला. चार्ली पडद्यावर धडपडत होता, मामा चहा पीत होते. अचानक कप खाली ठेवून ते पुढे वाकले आणि चार्लीच्या शेजारच्या शिपायाकडे बोट दाखवलं. “हा आपला बिल ना? मिशी काढून आलाय.”

मी म्हटलं, तोच.

“मग हा झाडवाला कशाला बघतोय आपण?” मामा म्हणाले. “तो घोडा लाव परत.”